संतराम पेंटरचा हात

आखाडा बाळापूरच्या बाजारात उभं राहून मान कुठंही वळवली तरी संतराम पेंटरचं अक्षर नजरेस पडायचं, असा एक काळ होता. सायकलच्या दुकानावरची पाटी त्याची, पिठाच्या गिरणीवरची 'येथे थुंकू नये' ही ताकीद त्याची, आणि मोटार स्टँडच्या भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोणही त्याचाच. पोळ्याच्या आधी लोक बैल घेऊन त्याच्या दारात उभे राहायचे. संतरामनं शिंगावर ओढलेली रेघ बैल हलला तरी वाकडी होत नाही, असं म्हणायचे. हे अर्थातच खोटं. बैल हलला की कुणाचीही रेघ वाकडी होते. पण संतरामला ते ऐकायला आवडायचं आणि त्यानं कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

माणूस ताठ. रंगकाम करतानाही पांढरा शर्ट घालायचा आणि संध्याकाळी परतताना त्या शर्टावर ठिपका नसायचा. बौद्धवाड्यात त्याला सगळे दादा म्हणत, वयानं मोठे होते तेसुद्धा. विहाराचा अध्यक्ष तोच, जयंतीच्या मिरवणुकीत पुढं तोच, आणि कुणा नवराबायकोचं भांडण हातघाईवर आलं तर निवाड्यालाही तोच. त्याची बायको मंजुळाबाई शेजारणींना सांगायची, "समद्या गावाला सरळ करून राहिलेत. आता नाला तेवढा ऱ्हायला."

आणि दारूचा तर तो वैरीच होता. धम्म घेतला तेव्हा ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यातली दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्यानं जीव लावून पाळली. बाकीच्या एकवीस पाळल्या नाहीत असं नव्हे. पण या एकीचा त्याला जास्त लळा. नाल्यापलीकडे चांगुणा नावाची एक विधवा हातभट्टी लावायची. तरुण मंडळाची पोरं घेऊन जाऊन संतरामनं तिची मडकी फोडली होती. पुढं त्यानं विहाराचा एक नियमही केला. जो पिऊन सापडेल त्यानं वर्षभर विहारात पुढं बसायचं नाही. दाराशी, चपला काढतात तिथं बसायचं. हा नियम पहिल्यांदा लागू झाला तो त्याच्या स्वतःच्या बापाला, आणि लागू केला त्यानंच.

ते असं झालं. त्याचा बाप सोनाजी. निजामाच्या अमलात गावकीची कामं करून करून वाकलेला, कमी बोलणारा माणूस. तो प्यायचा. खूप नव्हे, आणि पिऊन त्यानं कधी कुणाला शिवी दिली नाही की बायकोवर हात टाकला नाही. लग्नकार्य असलं, चार लोकांत पंगतीला बसायचं असलं, की सोनाजी आधी घरामागं जाऊन दोन घोट घेऊन यायचा. घरात एकटा जेवताना नाही घ्यायचा. असं का, हा प्रश्न संतरामला तेव्हा पडला नाही. तो पंचविशीचा होता, आणि त्या वयात त्याच्याकडे सगळी उत्तरं तयार होती.

एका जयंतीला दुपारच्या जेवणाची पंगत बसत होती आणि सोनाजी दिसेना. संतरामला बरोबर ठाऊक होतं तो कुठं असेल. तो घरामागं गेला, बापाच्या हातातून बाटली घेतली, त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत भर पंगतीत आणून उभं केलं. "सगळ्यांसमोर हात वर करा," म्हणाला, "आणि प्रतिज्ञा म्हणा." सोनाजीनं हात वर केला. हात थरथरत होता. नुसता थरथरत नव्हता, पाखडायला घेतलेल्या सुपासारखा हलत होता. संतरामनं तो हात लोकांना दाखवला. "बघा," तो म्हणाला, "दारू माणसाचं काय करती ते बघा. हात माझ्या बापाचा, पण त्याच्या हुकमात न्हाई ऱ्हायला." लोक हसले. काहींनी टाळ्या वाजवल्या. ते भाषण पुढं कितीतरी दिवस वाड्यात वाखाणलं गेलं.

सोनाजी त्या दिवसानंतर दारूला शिवला नाही. पंगतीलाही बसला नाही. घरातही तो गोठ्याकडं तोंड करून, भाकरी दुधात कुस्करून, वाटीच तोंडाला लावून जेवायचा. भात असला तर सांडायचा, म्हणून त्यानं भात सोडला. दारू सुटून वर्षं लोटली तरी हात हलायचा थांबला नाही, तेव्हा लोक म्हणाले, नसानसांत मुरलीय ती. संतरामही तेच म्हणाला.

आता एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. दुष्काळ सरला होता, सरकारी कामं निघाली होती आणि भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण काढायचं काम संतरामकडं आलं होतं. एका सकाळी स्टँडवर त्रिकोणाची दुसरी बाजू ओढताना ब्रश मधेच कापला. त्यानं पुसून परत ओढली. परत तेच. शेवटी मनगटाखाली काठी धरून त्यानं कशीबशी बाजू पुरी केली, पण समोरच्या हॉटेलातून नरसिंग बघतच होता. नरसिंग हा हॉटेलवाला. चहापेक्षा गप्पा जास्त उकळायचा.

"काहून पेंटर," तो ओरडला, "तिरकोणाला थंडी वाजून राहिली का?"

हॉटेलात बसलेले सगळे हसले. संतरामही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

त्यानंतर ते वाढतच गेलं. गंमत म्हणजे हात मांडीवर ठेवला की गुमान पडून असायचा, जसं काही झालंच नाही. उचलला, काही धरलं, काही नेमकं करायला गेलं की सुरू. आणि कुणी बघत असलं की दुप्पट. चहाची बशी ओठाशी नेईपर्यंत निम्मी सांडायची, म्हणून त्यानं बाहेर चहा घेणं सोडलं. सही करायची वेळ आली की "चष्मा घरी ऱ्हायला" म्हणायचा. विहारात मेणबत्ती लावताना काडी वातीच्या आजूबाजूला फिरत राहायची आणि सगळे खाली मान घालायचे. कुणी मान खाली घातली की संतरामला वाटायचं, बोलले असते तर बरं झालं असतं.

बोलतही होतेच, मागं. पेंटर प्यायला लागला, असं गावानं ठरवून टाकलं. ठरवायला गावाला काय लागतं? हलणारा हात म्हणजे दारू, हे त्यांना खुद्द संतरामनंच शिकवलेलं. ज्यानं जन्मात थेंब चाखला नव्हता त्या माणसाच्या तोंडाचा वास घ्यायला लोक जवळ येऊन बोलायला लागले. मंजुळाबाईलाही एकदा पाणवठ्यावर कुणीतरी विचारलं. ती घागर तशीच टाकून घरी आली आणि रडली.

"अशक्तपणा असंल," ती शेवटी म्हणाली आणि बाजारातून द्राक्षासवाची बाटली घेऊन आली. संतरामनं दोन झाकणं पाण्यात घालून घेतली. थोड्या वेळानं तिनं चहा आणून ठेवला. त्यानं सवयीनं दोन्ही हातांनी बशी उचलली, आणि बशी हलली नाही. एक हात काढला. तरी हलली नाही. त्यानं चहा पिऊन संपवला, ब्रश घेतला आणि घराच्या दारावर एक सरळ रेघ ओढली. मग अजून एक. पोरासारखा तो दारभर रेघा ओढत बसला आणि मंजुळाबाई हसून हसून बेजार झाली. त्या घरातली ती बहुधा शेवटची मोकळी संध्याकाळ.

बाटली संपली तेव्हा तो स्वतः दुसरी आणायला गेला. दुकानदार बाटली बांधता बांधता म्हणाला, "पेंटर, जपून घ्या बरं. आसवात ती थोडी असतेच. द्राक्षं आंबवूनच करतेत ना."

"ती म्हंजी?"

दुकानदार नुसता हसला. संतरामला कळलं. त्यानं बाटली घेतली, घरी आला आणि लिंबाच्या बुडाशी ओतून टाकली. मनाशी म्हणाला, हात तुटला तरी चालेल. पण हात तुटला नाही, हलत राहिला. शाळेची नवी पाटी कळमनुरीहून आलेल्या दुसऱ्या पेंटरनं लिहून दिली. पोळ्याला त्याच्या दारात बैल आले नाहीत. आणि एक दिवस भरदुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, संतराम नाला ओलांडून चांगुणाच्या खोपटासमोर जाऊन उभा राहिला.

चांगुणा भांडी घासत होती. तिनं मान वर करून बघितलं.

"मडकी फोडायला आलाव का दादा? आता थोडीच हायेत."

"न्हाई," तो म्हणाला. ती बघत राहिली. मग तिची नजर त्याच्या हातावर गेली, आणि ती काही न बोलता आत जाऊन पेला भरून घेऊन आली. हसली असती, टोमणा मारला असता, मागची मडकी काढली असती, तर संतरामला ते सोसलं असतं. ती म्हणाली, "सावकाश घ्या. नव्या माणसाच्या घशाला लागती." त्या दिवशी आपण मातीत का मिसळलो नाही, याचं त्याला पुढं कित्येक दिवस नवल वाटत होतं.

मग ते रोजचं झालं. कामाला निघण्याआधी दोन घोट, वर बडीशेप. बापाच्याइतकेच दोन घोट, पण हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही. हात बरा चालू लागला. दुपार उलटली की मात्र पहिल्यापेक्षा वाईट हलायचा, म्हणून तो काम दुपारपर्यंतच आटपायचा. आणि गावाची अक्कल बघा. जोवर तो कोरडा होता तोवर सगळे म्हणत होते पेंटर पितो. आता तो रोज पीत होता तर सगळे म्हणू लागले, पेंटरनं सोडली. नरसिंगनं त्याला बोलावून फुकटचा चहा पाजला आणि चारचौघांत पाठ थोपटली. संतराम बशी न हलवता तो चहा प्यायला. त्याला तो औषधासारखा कडू लागला.

त्या साली विहाराची इमारत नवीन झाली. कुडाच्या जागी पक्क्या भिंती आल्या, बुद्धमूर्ती यायची होती, आणि बुद्धपौर्णिमेला सगळा सोहळा ठरला होता. समोरच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लिहायच्या. कोण लिहिणार हे विचारायचीही गरज नव्हती. समितीचा चिटणीस ग्यानोबा, हा संतरामचा बरोबरीचा आणि जिवाभावाचा माणूस, म्हणाला, "दादा, तुमचंच अक्षर पायजे. लेकराबाळांनी वाचलं पायजे की कुनी लिवलं."

संतराम सकाळी सकाळी लिहायचा. दोरीला चुना लावून भिंतीवर ताणायचा, मधे धरून सोडायचा, आणि उमटलेल्या रेघेवर निळी अक्षरं बसवत जायचा. एकेक प्रतिज्ञा उतरत होती. त्याच्या खिशात बडीशेपेची पुडी होती. दारूची ओळ लिहायचा दिवस आला तेव्हा तो कोरडाच गेला. ठरवून गेला. वाटेत त्यानं स्वतःला बजावलं की ही एक ओळ मी शुद्धीवर लिहिणार. पहिलं अक्षर 'मी'. त्या 'मी'ची वेलांटी त्यानं काढली ती भिंतीवर पाल पळावी तशी गेली. त्यानं पुसली. पुन्हा काढली, पुन्हा पुसली. निळा डाग पसरत चालला. मागं दोनचार बायका अंगण सारवायला शेणकाला घेऊन आल्या होत्या. त्या थांबून बघायला लागल्या. त्यांचं बघणं त्याला पाठीत टोचत होतं आणि जितकं टोचत होतं तितका हात उसळत होता.

तो शिडीवरून खाली उतरला. "रंग घट्ट झाला," म्हणाला आणि नाल्याकडं गेला. परत आला तेव्हा भिंत वाळली होती. त्यानं ओळ एका दमात लिहिली. 'मी दारू पिणार नाही.' सगळ्या भिंतीवर इतकी देखणी ओळ दुसरी नव्हती. ग्यानोबा बघायला आला आणि नेमकं त्याच ओळीखाली उभा राहून म्हणाला, "वा दादा. काळजातून उतरली." तोंड वळवून संतराम डबे आवरत राहिला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं तो नांदेडला गेला. मंजुळाबाईला सांगितलं, रंग आणायला जातो. त्याच्या मनात दोनच गोष्टी होत्या: एकतर डॉक्टरनं ही पिण्याची सवय तोडावी, नाहीतर हा हात असा बांधून द्यावा की पुन्हा कुणी त्याला ब्रश धरायला सांगणार नाही.

डॉक्टर तरुण होता, चेहऱ्यानं कंटाळलेला. त्यानं संतरामला हात समोर धरायला लावले, बोट नाकाला लावायला लावलं, पाण्यानं भरलेला पेला एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायला लावला. पाणी त्याच्या टेबलावर सांडलं. मग पाय लोंबकळत ठेवून गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय आपोआप उडाला.

"तुम्ही उडवला?" डॉक्टरनं विचारलं.

"न्हाई साहेब. त्यानंच उडवला."

"बरोबर. तुम्हाला कळायच्या आधीच उडाला. ठोका बसल्याची खबर पाठीच्या कण्यापर्यंत गेली आणि तिथूनच हुकूम घेऊन परत फिरली. तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो, भाजल्याचं मागून कळतं. तसंच." तो बोलता बोलता जागा झाल्यासारखा दिसू लागला. "पण रेघ ओढणं म्हणजे तसं नाही. तुम्हाला वाटतं हात एका जागी धरलाय. तो धरलेला नसतोच. तो जरा डावीकडे झुकला की त्याची खबर वर मेंदूत जाते, वरून हुकूम येतो, थोडं उजवीकडे. लगेच दुसरी खबर, दुसरा हुकूम. चालत्या गाडीचा कासरा कसा धरता? गाडी सरळ चाललेली दिसते, पण हात सारखा इकडे थोडा, तिकडे थोडा ओढत असतो. तुमच्या मेंदूत हे सांभाळणारी जी जागा आहे तिथून हुकूम जरा जास्तच जोरात सुटतायत. म्हणून हात इकडे जातो, तिकडे जातो. आणि कुणी बघायला लागलं, लाज वाटली, की आणखी."

संतराम ऐकत होता. इतक्या वर्षांत त्याच्या हाताबद्दल कुणी त्याच्या चारित्र्याचा विषय न काढता बोललं नव्हतं.

"आता खरं सांगा," डॉक्टर म्हणाला. "थोडी घेतली की थांबतो ना?"

संतरामनं मान खाली घातली. डॉक्टरला त्यात काही विशेष वाटलं नाही. "पुष्कळांचा थांबतो. काही वेळ. उतरली की जास्त हलतो, मग माणूस जास्त घेतो. त्या वाटेनं जाऊ नका. या गोळ्या देतो, काही लोकांना गुण येतो. दम्याचा त्रास नाही ना? बरं. हा आजार पुष्कळदा घराण्यातून येतो. वडिलांचा हात हलायचा?"

संतराम टेबलावर सांडलेलं पाणी बाहीनं पुसू लागला.

"वडील आहेत?"

"हायेत."

"हलतो?"

"हलतो."

"ते घेतात?"

"आता न्हाई. पहिले घेत व्हते." मग त्याचं त्यालाच ऐकू आलं, "चार लोकांत जेवाय बसायच्या आदी. दोन घोट."

डॉक्टर गोळ्यांचं नाव लिहीत होता. मान वर न करता तो म्हणाला, "हं. म्हणजे त्यांना हे औषध सापडलं होतं. लोकांसमोर सांडू नये म्हणून घेत असणार बिचारे."

बिचारे, तो म्हणाला. मोटारीत संतराम खिडकीशी बसला आणि सगळी वाट तो शब्द त्याला सोडेना. बापाला त्यानं बेवडा म्हटलं होतं, वाड्याचा कलंक म्हटलं होतं, भर पंगतीत त्याचा हात उचलून दाखवला होता. बिचारे म्हणायचं सुचलं ते एका परक्या माणसाला, तेही न बघता. संतरामनं डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढून घेतला. शेजारच्या माणसाला वाटलं, झोपला.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी विहार माणसांनी भरून गेला. मूर्तीला फुलं वाहून झाली, आणि ग्यानोबानं पहिली मेणबत्ती लावायला दादांचं नाव पुकारलं. संतराम उभा राहिला, पण मूर्तीकडं गेला नाही. लोकांकडं वळला. गोळ्या त्यानं अजून घेतल्या नव्हत्या, आणि सकाळपासून बाकी काहीच घेतलं नव्हतं. हात त्यानं लपवला नाही.

"मी पितो," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. चांगुणाचं सांगितलं, बडीशेप सांगितली, आणि मागच्या भिंतीकडं न बघता म्हणाला, "ती ओळसुदिक मी पिऊन लिवलीय. डॉक्टर म्हनतो हा आजार हाये. असंल. पर प्रतिज्ञा मोडली ती मोडली. नियम माझाच हाये. वर्सभर मला दाराशी बसवा."

मग ग्यानोबा उठला. त्याचे डोळे भरून आले होते. "दादा," तो म्हणाला, "तुमी औशिद म्हनून घेतली, दारू म्हनून न्हाई. तुमी वाड्यासाठी एवढं केलं, अन् आमी तुमाला दाराशी बसवावं? आमी काय दगडाचे हावोत का?" लोकांनी माना हलवल्या. बायका पदरानं डोळे पुसू लागल्या. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. एका म्हाताऱ्यानं तर त्याच्या त्या हलत्या हाताला हात लावून स्वतःच्या कपाळाला लावला. पाच मिनिटांत सगळं माफ. आधीपेक्षा मोठाच झाला तो.

तो टाळ्यांचा आवाज संतरामला ओळखीचा वाटला. त्यानं लोकांच्या डोक्यांवरून दाराकडं बघितलं. तिथं, उंबऱ्याबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी सोनाजी बसला होता. नियम वर्षभराचा होता. पण वर्ष सरलं तेव्हा 'आता आत या' असं म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. अध्यक्षालाही नाही. म्हातारा दर पौर्णिमेला येऊन तिथंच बसायचा, आणि लोकांना वाटायचं त्याला तीच जागा आवडते.

"आन् माझ्या बाला कसं बसवलं दाराशी?" संतराम म्हणाला. "त्याचा हात बी असाच व्हता. ह्याच आजारानं."

टाळ्या थांबल्या. लोक एकमेकांकडं बघू लागले. "ते जुनं झालं दादा," ग्यानोबा हळूच म्हणाला. "तवा कुनाला ठावं व्हतं?"

संतराम माणसांतून वाट काढत दारापाशी गेला आणि बापाशेजारी चपलांत बसला. सोनाजी थोडा सरकला, त्याला जागा व्हावी म्हणून.

"बा," संतराम म्हणाला, "मला ठावं नव्हतं. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं. दारूनं न्हाई हालत तुमचा हात. घराण्याचं हाये ते."

"व्हय," सोनाजी म्हणाला. "माझ्या बाचा बी हालायचा."

"मंग तुमी बोलला काहून न्हाई?" संतरामचा आवाज चिरकला. त्याला वाटत होतं, म्हाताऱ्यानं एक शब्द सांगितला असता तर. एकच शब्द. "एकदा तरी सांगायचं मला."

सोनाजीनं त्याच्याकडं बघितलं. रागानं नव्हे. लेकरू काही विसरलं की बघतात तसं.

"सांगितलं व्हतं की."

"कवा?"

"त्याच दिशी. तू मनगट धरून नेऊन राहिला व्हतास तवा. म्या म्हनलो, संत्या, हात ऱ्हात न्हाई रं माझा, लोकात सांडतंय, म्हनून घेतो. तू म्हनलास, समदे बेवडे हेच म्हनतेत."

संतरामनं आठवून बघितलं. पंगत आठवली, पत्रावळी आठवल्या, कोण कुठं बसलं होतं ते आठवलं. आपलं भाषण तर शब्दन् शब्द आठवलं, आणि त्यावरच्या टाळ्याही. पण बाप काही बोलल्याचं आठवेना. कितीही खोल गेला तरी तिथं बापाला आवाजच नव्हता.

"पुन्यांदा काहून न्हाई सांगितलं?" त्यानं विचारलं, अगदी बारीक आवाजात.

"तुला सवड कुठं व्हती," सोनाजी म्हणाला. "लई लोक बघत व्हते तुझ्याकडं."

आतून ग्यानोबा पुन्हा पुकारत होता, दादा या, मेणबत्ती राहिलीय. संतराम उठला नाही. त्याला बापाचा हात धरायचा होता, पण तेच मनगट पुन्हा धरायचा धीर त्याला होईना.